एका झाडाचा नंबर बाकी

३ फेब्रुवारी

लाडक्या खोडरबरास,

जानेवारीत तू येऊन गेलीस त्याला तीन आठवडे झाले. पोचल्याचं दोन ओळींचं कार्ड सोडलं तर तुझा पत्ता नाही. आलीस तेव्हा तरी कुठे धड होतीस? चार दिवस तोंडाला कुलूप. नगरपालिकेच्या पाटीसमोर उभी राहून डोळे पुसताना तुला आपल्या माळीकाकांनी पाहिलं, आणि माळीकाकांनी पाहिलं म्हणजे गावाने पाहिलं. मी जन्मभर कपडे शिवले आहेत, माणसाच्या खांद्यांवरून त्याच्या मनातलं ओळखते. कोण आहे तो? तुमच्याच कचेरीतला असेल तर पगार आधी विचारून घे.

मला नगराध्यक्षा होऊन परवा आठ महिने झाले. दोन गटांना एकमेकांचा माणूस नको होता म्हणून मी झाले, हे मी विसरत नाही आणि ते मला विसरू देत नाहीत. सकाळी दुकान, दुपारी नगरपालिका. गळ्यातली टेप काढायची राहते आणि मी तशीच सभेत जाऊन बसते. त्याचा एक फायदा आहे, माझ्यासमोर कुणी फार वेळ बोलत नाही. माप काढेल म्हणून घाबरतात.

काल सकाळी सहाला खालच्या गल्लीतल्या बायका दारात उभ्या, नळ गेला म्हणून. आठ वाजता पाणी आलं. नळवाला, मी आणि एक पाना, एवढंच लागलं.

तुझी मावशी

ता. क. : पेपरात आलंय की दहा हजारांच्या आत वस्ती असलेल्या नगरपालिका बंद करून शेजारच्या शहराला जोडायचा कायदा येतोय. आपण नऊ हजार सहाशे चाळीस आहोत. म्हणजे पाटी उतरणार आणि आपलं गाव शेजारच्या महानगरपालिकेचा वॉर्ड क्रमांक ब्याण्णव होणार. मग नळ गेला तर तिथल्या चौदा नंबरच्या खिडकीवर अर्ज करायचा. छापायच्या आधी सगळे कायदे तुझ्या हाताखालून जातात असं तूच सांगतेस. तर त्या दहा हजारांतलं एक शून्य पुसून टाक. कुणाला कळतंय?

*

९ फेब्रुवारी

प्रिय मावशी,

तुझं पत्र मी नेहमी खालून वाचायला घेते, कारण कामाचं सगळं तू ताज्या कलमात लिहितेस. त्यामुळे ते शून्य आधी वाचलं आणि खुर्चीवरून पडता पडता राहिले. वाचकबुवांनी पाणी आणून दिलं. वाचकबुवा म्हणजे माझे जोडीदार. विधिमंडळाच्या छापखान्याच्या तळघरात आम्ही दोघंच मुद्रितं तपासतो. ते मूळ प्रत मोठ्याने वाचतात, मी छापील कागदावर बोट फिरवते. स्वल्पविराम आला की ते टेबलावर एक टिचकी मारतात, पूर्णविरामाला दोन. त्यांना मी हसताना कधी पाहिलं नाही.

शून्य पुसता येणार नाही. मी चुका काढते, करत नाही. मावशीसाठीसुद्धा नाही, आणि तुला हे मनातून माहीत आहे म्हणूनच तू ते इतक्या बेफिकिरीने लिहिलंस.

विधेयक काल सभागृहात मांडलं गेलं, म्हणजे आता ते कुणीही वाचावं. म्हणून सांगते, बातमी खरी आहे. कलम चार. पण ते अजून समितीपुढे जायचंय आणि समिती सगळ्या नगरपालिकांचं म्हणणं ऐकणार आहे. प्रत्येकीला चार मिनिटं. तू ये. पण नीट ऐक. समितीप्रमुख पहिल्या पानाच्या खाली उतरत नाहीत, हे इथला शिपाईसुद्धा सांगेल. एकच मागणी घेऊन ये. आणि मला भेटू नकोस. अशा वेळी गावच्या माणसांना भेटायची आम्हाला मनाई आहे. जिन्यात दिसले तरी ओळख दाखवू नकोस.

जे काही असेल ते पत्रानेच कळव. परवा नगरपालिकेत फोन लावला तर आत कुणीतरी शिवणयंत्र चालवत असल्यासारखा आवाज आला आणि फोन मेला.

‘तो’ कुणी नाही.

तुझी खोडरबर

*

२० फेब्रुवारी

खोडरबरबाई,

‘तो कुणी नाही’ असं ज्या पोरी लिहितात त्यांचे कपडे मी शिवले आहेत. असो.

सभा झाली. सगळे सतरा जण आले, तेही वेळेवर. विषय आपल्या रीतीने खालून वर घेतले. उशीरराव जाऊन अकरा वर्षं झाली, पण त्यांच्या पायी पडलेली सवय काही सुटत नाही. तुला आठवत असतील ते. प्रत्येक सभेला तासभर उशिरा यायचे आणि आल्या आल्या जो विषय चालू असेल त्याला कडाडून विरोध करायचे. म्हणून तर मुख्य विषय सगळ्यात शेवटच्या नंबरावर लिहायचा आणि सुरुवात तिथूनच करायची, असं गावाने ठरवलं. ते येईपर्यंत कामाचं उरकलेलं असायचं आणि विरोध करायला त्यांना बाकाचा रंग नाहीतर कोपऱ्यावरचा दिवा उरायचा. तेही खूश, गावही खूश. आता त्यांची खुर्ची रिकामी असते, तरी वरून खाली वाचायला गेलं की आम्हाला गरगरतं.

निवेदन तयार आहे. एकच मागणी हवी, हे तुझं म्हणणं मी सभेत मांडलं. ते सगळ्यांना पटलं. एकच असावी, पण ती माझी असावी, असं प्रत्येकाचं मत पडलं. काहींना दोन-दोन सुचल्या, त्यामुळे तेवीस झाल्या. हेडक्लार्कांनी दोन पानांत बसवल्यात. आमची नगरपालिका आमच्याकडे राहू द्या, ही खरी मागणी त्यांनी मानाच्या जागी ठेवली आहे, काळजी करू नकोस.

शिष्टमंडळात मी, हेडक्लार्क आणि माळीकाका. माळीकाका कशाला म्हणशील, तर गावात कोट फक्त त्यांच्याकडे आहे. तो त्यांच्या मोठ्या भावाचा, तेव्हा दोन्ही बाजूंनी तीन-तीन बोटं आत घेतलाय. आता ते आमच्या तिघांत सगळ्यात मोठे साहेब दिसतात.

मावशी

ता. क. : विधिमंडळ तूच चालवतेस असं मी गावात सांगून ठेवलंय. तळघराचं बोलले नाही.

*

५ मार्च

मावशी,

मंजूर! दुपारी शिपाई तळघरात डोकावून म्हणाला, “बाई, तुमच्या गावची मागणी मंजूर झाली. साहेबांनी जागच्या जागी सही केली.” वाचकबुवांनी टेबलावर पूर्णविरामाच्या दोन टिचक्या मारल्या. तेवढ्याने त्यांचं समाधान होईना, मग त्यांनी टेबलच बडवलं. हसले, मावशी. त्यांना पुढचे दोन दात नाहीत हे मला आज कळलं. आम्ही दोघांनी टेबलाभोवती तीन फेऱ्या मारल्या आणि त्या भरात एका जाड विधेयकाची सगळी पानं खाली सांडली. आता ती लावत बसलोय आणि मध्येच एकमेकांकडे बघून पुन्हा हसतोय.

सकाळी तुला जिन्यात पाहिलं. ओळख न दाखवण्याचं तू इतकं मनावर घेतलंस की भिंतीकडे तोंड करून उभी राहिलीस आणि माळीकाकांनाही खांद्याला धरून भिंतीकडे वळवलंस. पहारेकरी बराच वेळ तुमच्याकडे बघत होता.

आता सगळं सविस्तर लिही. चार मिनिटांत असं काय बोललीस?

तुझी खोडरबर

*

९ मार्च

खोडरबर,

मंजूर झालं खरं. काय मंजूर झालं ते तू शिपायाला विचारलं नाहीस.

पहिल्यापासून सांगते. त्या लांबलचक व्हरांड्यात बाकांवर साठ-सत्तर गावं बसली होती. कुणाच्या मांडीवर पुलाचा नकाशा, कुणाच्या मांडीवर फुटलेल्या पाइपाचा तुकडा. एका गावाने रस्त्यातला खड्डा फोटोत नीट येत नाही म्हणून पुठ्ठ्याचा करून आणला होता. समोर शेजारच्या महानगरपालिकेचे महापौर, मागे सहा माणसं, चाकांच्या ढकलगाडीवर फायली. ते एका आमदारांना अगदी कानाशी लागून सांगत होते, पण आवाज असा की सगळ्या बाकांना ऐकू यावं: “ही पिल्लं आमच्यात घालायला आमची ना नाही. पण त्यांची अर्धवट राहिलेली कामं आमच्या गळ्यात नकोत. ती आधी पुरी करू द्या, मग आम्ही घेतो.” मला इतका राग आला की टेपने त्यांचं पोट मोजावंसं वाटलं.

आम्हाला आत बोलावलं. समितीप्रमुख दमलेले, चष्मा कपाळावर. हेडक्लार्कांनी निवेदन पुढे ठेवलं. त्यांनी चष्मा खाली घेतला, पहिली ओळ वाचली आणि माणूस खुलला की गं. म्हणाले, “वृक्षगणना? गावातल्या प्रत्येक झाडाला नंबर द्यायला अनुदान हवंय? सकाळपासून सगळे गटार मागतायत, पाइप मागतायत. झाडं मोजायला मागणारे तुम्ही पहिले.” त्यांनी घंटी वाजवली, फोटोवाल्याला बोलावलं, माळीकाकांचा कोट बघून त्यांनाच नगराध्यक्ष समजले आणि त्यांच्या खांद्यावर हात टाकून फोटो काढला. मी म्हणत होते, “साहेब, तेवीस नंबर बघा, तेवीस नंबर.” ते म्हणाले, “बाई, हावरटपणा नको, एक दिलं ना?” चार मिनिटं संपली.

जिन्यात हेडक्लार्क मटकन खाली बसले. “बाई,” म्हणाले, “मी खालून वर टाइप केलं.” वीस वर्षं विषयपत्रिका जशी लिहिली तसंच निवेदन लिहिलं. मानाची जागा म्हणजे तेवीस. आणि सतरा माणसांनी वाचून सह्या केल्या, एकालाही खटकलं नाही, कारण आम्ही सगळ्यांनी ते खालूनच वाचलं. मलाही नाही खटकलं गं. त्यांना काय बोलणार? परतीच्या गाडीत आम्ही दोघं खिडकीबाहेर बघत होतो, आणि माळीकाका एकटे आनंदात. पहिली मागणी त्यांची होती. आठ वर्षांपासून मागत होते, दर सभेत उशीरराव नसतानाही कुणीतरी ‘पुढच्या वेळी’ म्हणायचं.

गाव हसतंय आणि रडतंयही. नगरपालिकेला टाळं लागायची वेळ आणि आमच्या हातात रंगाचा डबा.

मावशी

ता. क. : एक ठरवलंय. जायचंच आहे तर मिळालेलं एक काम तरी चोख करून जायचं. माळीकाकांना पाच माणसं दिली आहेत, रोज तीन-तीनशे झाडं उरकतायत. येत्या शनिवारी संध्याकाळी शेवटचा नंबर टाकतील. काम पूर्ण झाल्याच्या दाखल्यावर मी आधीच सही करून ठेवली आहे, शनिवारीच टपालात टाकू. निदान आमच्याबद्दल कुणी असं म्हणायला नको की अर्धवट सोडून गेले.

*

१३ मार्च

मावशी,

झाडं थांबव.

हे पत्र वाचतेस तिथेच ठेव, माळीकाकांना थांबव आणि मग पुढचं वाच.

थांबवलंस? विधेयक परवा मंजूर झालं. कलम चार जसंच्या तसं आहे, दहा हजार. आज ते राजपत्रात छापून बाहेर पडलं, म्हणजे आता मी तुला ते पाठवू शकते, सोबत आहे. एकोणिसावं कलम बघ. शेवटच्या वाचनाच्या वेळी नवीन घातलेलं. ज्या नगरपालिकेत सरकारी अनुदानाचं काम चालू असेल, ते पूर्ण झाल्याचा दाखला येईपर्यंत तिचं विलीनीकरण होणार नाही. वाचकबुवांनी ते वाचलं, टिचकी मारायला बोट उचललं आणि ते तसंच हवेत राहिलं. मग आम्ही दोघांनी एकदम एकमेकांकडे पाहिलं.

ते कुणी घालायला लावलं माहीत आहे? तुझ्या महापौरांनी. व्हरांड्यात जे कुजबुजत होते तेच. सहा माणसं आणि ढकलगाडी घेऊन आले, आठवडाभर आमदारांच्या मागे फिरले आणि आपल्यासाठी कलम आणून ठेवून गेले.

मावशी, दाखल्यावर सही नगराध्यक्षांची लागते. तुझी. आणि अनुदानाच्या अटीत लिहिलंय, ‘गावातील प्रत्येक झाडावर क्रमांक’. प्रत्येक. एक जरी राहिलं तरी काम चालू.

मी एक टिंबही हलवलेलं नाही, हे तुला लेखी देते. फोन सकाळपासून अकरा वेळा लावला. तुमच्याकडे अजून शिवणयंत्रच चालू आहे.

टपाल शनिवारच्या आत पोचू दे.

खोडरबर

*

१६ मार्च, शनिवार

अगं पोरी,

घाईत लिहितेय, अक्षर समजून घे.

पोस्टमन साडेचारला दुकानात आला. मी बँकेतल्या कॅशियरबाईंच्या ब्लाउजला टाचण्या लावत होते. पाकीट तिथेच फोडलं, आणि ‘झाडं थांबव’ एवढंच वाचून टेप गळ्यात तशीच ठेवून पळत सुटले. कॅशियरबाई टाचण्यांसकट माझ्या मागे, कारण त्यांना वाटलं घरी काही झालं.

आधी नगरपालिका. हेडक्लार्क दाखल्याचं पाकीट जिभेने ओलं करत होते. मी ते त्यांच्या तोंडातून ओढलं म्हण ना. ते काही विचारायच्या आत मी बाहेर आणि तेही मागे. शाळेच्या रस्त्याला सगळ्या झाडांवर पांढरे आकडे, सोळाशे दहा, सोळाशे अकरा, ओळीने. बाजाराच्या मागे सतराशे. तलावाच्या बाजूला तर रंग वाळलेलासुद्धा. जिथे बघावं तिथे काम झालेलं. इतकं चांगलं काम आपल्या नगरपालिकेने आजवर केलं नव्हतं आणि मला ते बघून रडू येत होतं.

तोवर मागे वीस-पंचवीस माणसं जमली होती. पळताना कुणीतरी विचारलं, “आग कुठे लागली?” मी म्हटलं, “माळीकाका कुठे आहेत?” तर म्हणाले, “तुमच्याच घरी.”

आपल्या मागच्या अंगणात होते ते. तेच एक झाड राहिलं होतं. सुरुवात त्यांनी लांबच्या टोकापासून केली आणि अध्यक्षांच्या अंगणातलं म्हणून आपलं झाड मानाच्या जागी ठेवलं होतं, शेवटी. ब्रश रंगात बुडवलेला, पण हात खालीच. झाडाकडे बघत नुसते उभे. मी जाऊन ब्रश हिसकावला आणि सगळा रंग माझ्या अंगावर.

मग मी तुझं पत्र तिथेच मोठ्याने वाचून दाखवलं. एकोणिसावं कलम दोनदा. हेडक्लार्कांनी तिसऱ्यांदा स्वतः वाचलं, खालून वर. आणि मग जे हसू फुटलं, ते अजून गल्लीत चालू आहे. कॅशियरबाईंना हसता येत नव्हतं, टाचण्या टोचत होत्या. माळीकाका मात्र विचारत होते, “म्हणजे माझं काम पूर्ण करायचंच नाही?” त्यांना समजवायला वेळ लागला.

तुझी रंगलेली मावशी

*

२१ मार्च

प्रिय मावशी,

तुझं पत्र मी वाचकबुवांना मोठ्याने वाचून दाखवलं. आमच्या तळघरात हे पहिल्यांदाच झालं, मी वाचतेय आणि ते ऐकतायत. संपल्यावर त्यांनी दोन टिचक्या मारल्या.

आता एक सांगते. ते विधेयक पहिल्यांदा माझ्या बोटाखालून गेलं ते डिसेंबरच्या शेवटी. दहा हजार हा आकडा मी तीनदा तपासला, बरोबर होता. बोलायची सोय नव्हती. जानेवारीत तुझ्याकडे आले ते पाटी बघायला. मला वाटलं, पुढच्या वेळी येईन तेव्हा ती नसेल. तू रोज जेवताना नळाच्या, दिव्याच्या, वाचनालयाच्या गोष्टी सांगत होतीस आणि मला सगळं माहीत असून मी मान डोलवत होते. तेवढं वाईट मला आयुष्यात कधी वाटलं नव्हतं. तू विचारत होतीस कोण आहे तो. पाटी होती, मावशी.

रागावली असशील तर सांग.

खोडरबर

ता. क. : एक शंका. सरकार दरवर्षी विचारेल, काम का रेंगाळलंय. खोटं कळवू नकोस. मी चुका काढते हे लक्षात ठेव.

*

३ फेब्रुवारी, पुढचं वर्ष

माझ्या खोडरबरास,

मार्चमधल्या तुझ्या प्रश्नाचं उत्तर राहूनच गेलं. रागवायचं काय? तू बोलली असतीस तर मी तुला माझी म्हटलं नसतं. खांदे मात्र मी चुकीचे वाचले. तीस वर्षांच्या धंद्यात पहिल्यांदाच चुकले, तेही तुझ्यामुळे.

गाव जागच्या जागी आहे. पाटीला नवा रंग दिला, गणनेतला उरलेला. परवा नळ गेला, दीड तासात आला. हेडक्लार्क आता बाहेरगावी पाठवायची पत्रं वरून खाली लिहितात, पण आधी खालून लिहून मग उलटी नक्कल करतात, त्याशिवाय जमत नाही म्हणतात. महापौरांचा निरोप आला होता, तुमची झाडं किती आहेत तरी किती? मी कळवलं, फार नाहीत.

तू म्हणालीस तसंच झालं. सरकारचं पत्र आलं: वृक्षगणनेचे काम अद्याप अपूर्ण का, कारण कळवावे. आम्ही खरं तेच कळवलं आहे. तू तपासून बघ, एक टिंब चुकलेलं सापडणार नाही.

या वेळी आलीस की चार दिवस तरी राहा आणि बोल. आणि वाचकबुवांना घेऊन ये. त्यांना कोट शिवून देईन.

मावशी

ता. क. : त्या शनिवारी माळीकाकांचा हात का थांबला होता, ते मी त्यांना नंतर विचारलं. ते म्हणाले, “लिहू कुठे?” तू सातव्या वर्षी माझ्याकडे राहायला आलीस तेव्हापासून दर वाढदिवसाला मी तुला त्या झाडाला पाठ लावून उभी करायचे आणि टेपने उंची मोजून बुंध्यावर लिहायचे, आठवतं? सात ते सतरा. अकरा खुणा, अकरा आकडे. सगळे अजून वाचता येतात. सरकारला पाठवलेलं उत्तर एका ओळीचं आहे: ‘सर्व झाडांवर क्रमांक टाकले असून एका झाडावर आधीच एका मुलीची उंची नोंदवलेली असल्याने तेथे क्रमांकास जागा नाही, सबब काम चालू आहे.’